झालं, वहिनी

टेबलक्लॉथवर एक स्क्रू उरला होता. तिळाएवढा, काळा, डोक्यावर चांदणीसारखी खाच... आणि लॅपटॉप तर बंद करून झाला होता, पाठीवरचं झाकण घट्ट बसलं होतं, एकही भोक रिकामं दिसत नव्हतं. म्हणजे हा आतला. आत काय धरून ठेवण्याचं काम याच्याकडे होतं कोण जाणे — वायरलेसचं कार्ड तर त्यानं स्वतःच्या हातानं पुन्हा खाचेत दाबलं होतं, त्याचा स्क्रूही पिळला होता. मग हा कुणाचा? यंत्र उघडावं आणि एक स्क्रू उरवावा ही पोरासोरांची गोष्ट, चाळिशीला टेकलेल्या माणसाची नव्हे. त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. वहिनींची पाठ दिसत होती. त्यानं स्क्रू बोटाच्या टोकानं उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि लॅपटॉप सुरू केला.

"कळलं का काही?" वहिनींनी न वळताच विचारलं.

"कळतंय. सोपं आहे."

हे त्याचं आवडतं वाक्य. ऑफिसात कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाची फाइल हरवली, की तो खुर्ची ओढून घेत 'सोपं आहे' म्हणायचा, आणि ते अशा सुरात म्हणायचा की समोरच्याला आपण विचारलंच का असं व्हावं. ऑफिसात त्याला पंडित म्हणत. हे नाव काही आदरानं पडलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ते आदरानंच पडलंय असं धरून तो वर्षानुवर्षं वागत आला होता. पंडिताचा धर्म लिनक्स. फुकट मिळणारी, जगभरच्या माणसांनी मिळून रचलेली, कुणाच्या बापाची मालकी नसलेली, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली — कुणी नुसतं 'कॉम्प्युटर' म्हणायचा अवकाश, की हे प्रवचन सुरू. ऐकणारे घड्याळाकडे बघू लागत. त्याला वाटायचं, विषय खोल आहे, म्हणून गप्प आहेत.

वहिनी एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, हा जरा हळू चालतो हो. बघाल का?"

दादाचा जुना लॅपटॉप. दादा कामासाठी महिनोन् महिने बाहेरगावी, जाताना तो वहिनींना देऊन गेलेला. हळू चालत होता, पण चालत होता. पाय ओढणाऱ्या घोड्याचा नाल तपासावा, तर यानं घोडाच मारला — काल दुपारी, जेवण होऊन सगळे आडवे झालेले असताना, त्यानं जुनी प्रणाली साफ पुसून टाकली आणि लिनक्स चढवलं. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघायचं, आवाज येतो का, वायरलेस लागतं का ते तपासायचं, आणि मगच जुनं पुसायचं — हा पहिला धडा. तो स्वतः नवशिक्यांना हा धडा बोट नाचवून सांगायचा. पण ते नवशिक्यांना. मला कशाला? मी काय आज शिकतोय?

आणि पडद्याच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आकाराचं ते वायरलेसचं चिन्ह असायला हवं तिथं, काही नव्हतं. साधी फुलीही नव्हती. जणू या यंत्राला वायरलेस नावाचा अवयवच नव्हता.

त्या वेळी सांगता आलं असतं. मुलाखत आज दुपारी, काल सबंध संध्याकाळ हातात होती, शेजारून एखादा लॅपटॉप मागून आणता आला असता. पण काल रात्रीच्या जेवणाला वहिनींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "थोडं सेटिंग राहिलंय," आणि भात कालवत राहिला.

मुलाखत वहिनींची होती. बहिऱ्या माणसांच्या कानातली यंत्रं बनवणारी एक कंपनी, तिच्या मदतकक्षात घरबसल्या फोन घ्यायचे, म्हाताऱ्या माणसांची गाऱ्हाणी ऐकायची, ऐकता ऐकता टाइप करायची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. आई जिन्यावरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि घरात कुणीतरी थांबायला हवं होतं. 'कुणीतरी' म्हणजे कोण हे कुणी बोललं नाही. तोही नाही बोलला. वहिनींनी नोकरी सोडली, ती परत धरायला आता निघाल्या होत्या. मधल्या वर्षांत किती ठिकाणी अर्ज केले आणि किती जणांनी साधं उत्तरही दिलं नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. या एका कंपनीनं बोलावलं होतं. फोनवरून नको, कॉम्प्युटरवरूनच बसा, टाइप करून दाखवायचंय, असं त्यांनी कळवलं होतं. गेले काही दिवस वहिनी दोन्ही हातांवर पंचा टाकून, कळा न बघता टाइप करायचा सराव करत होत्या. आई हसायची, "हाताला थंडी वाजते का गं तुझ्या?"

सकाळी तो वहिनींच्या आधी उठला. फोन वायरनं लॅपटॉपला जोडला की फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं, एवढं तरी होतं. त्यावर त्यानं कार्डाचा नंबर शोधला, त्या कार्डाला जागं करणारी फाइल शोधली, उतरवली, जागेवर ठेवली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं — आणि कोपऱ्यात पंखा उगवला! यादीही आली, आपल्या घरचं नेटवर्क, वरच्या मजल्याचं, समोरच्यांचं, सगळी नावं. त्याला इतका आनंद झाला की तो ओरडलाच, "झालं, वहिनी!"

वहिनी ओले हात पदराला पुसत आल्या. यादी बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला... आणि त्यांनी तिथल्या तिथं दादाला फोन लावला. "अहो, झालं बरं का! भाऊजींनी केलं." फोनातून दादाचा आवाज आला, "शाब्बास रे पठ्ठ्या. मला माहीत होतं, तू असल्यावर काळजी नाही." आईनं आतून काठी आपटून विचारलं काय झालं, तिलाही सांगून झालं. सगळं सांगून झाल्यावर त्यानं आपल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली.

यंत्रानं पासवर्ड मागितला. त्यानं दिला. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि पासवर्ड मागितला.

"वहिनी, पासवर्ड काय हो आपला? म्हणजे, माहितीये मला, खात्री करून घेतो."

वहिनींनी सांगितला. एकेक अक्षर सुटं, मध्ये श्वासाएवढी जागा सोडून. हॉस्पिटलात कुणाला वॉर्डाचा नंबर सांगत असतील तशा. त्यानं तसाच टाइप केला. यंत्रानं पुन्हा मागितला. पुन्हा विचारलं. पुन्हा तितक्याच शांतपणे, जणू पहिल्यांदाच सांगत आहेत अशा, त्यांनी सांगितला. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "बस, झालंच आहे, थोडं पक्कं करतो," आणि वहिनींनी मान हलवली आणि त्या गेल्या. जाताना क्षणभर थांबल्या होत्या का? की मला वाटलं?

मग दुसरी फाइल, तिसरी, अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना दिलेले सल्ले, काळ्या खिडकीत टाइप केलेल्या लांबलचक आज्ञा ज्यांतल्या निम्म्या त्याला कळत होत्या आणि उरलेल्या निम्म्या तो नाव न वाचता औषध घ्यावं तशा घेत होता. शेवटी झाकण उघडून कार्ड काढून फुंकर मारून बसवणं — फुंकर! पंडितानं फुंकर मारली! — आणि आता हा खिशातला स्क्रू, आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी तीच चौकट.

वायर टेबलावरच पडली होती. पांढरी, जराशी मळलेली. 'वहिनी, वायरलेस काही जमलं नाही, ही वायर फोनला लावून बसा.' एवढंच तर बोलायचं होतं. इंटरनेट तेच, काम तेच, उलट वायरीतून येतं ते जास्त भक्कम. जगातल्या कुठल्याही माणसानं हे वाक्य बोलून टाकलं असतं आणि जेवायला बसला असता. त्यानं तोंड उघडलंही. पण सकाळचं ते 'झालं' मध्ये येऊन उभं राहिलं — ते गावभर झालेलं, दादापर्यंत पोचलेलं, आईनं काठी आपटून पावती दिलेलं 'झालं'. ते आता गिळायचं कसं?

आणि तेव्हाच त्याला ती युक्ती सुचली; सुचली तेव्हाच तिची लाज वाटली, आणि लाज वाटूनही त्यानं ती केली. वायरलेस चालत नव्हतं, पण त्याच कार्डाचं दुसरं अंग, ब्लूटूथ, ठणठणीत होतं. ज्या अदृश्य दोरीनं फोनातलं गाणं कानातल्या इअरफोनला जातं, त्याच दोरीनं फोनातलं इंटरनेटही लॅपटॉपला देता येतं. थोडं येतं, रडतखडत येतं, पण येतं. वायर नको. कुणाला काही दिसणार नाही. फक्त फोन जवळ हवा. म्हणजे ज्याच्या खिशात फोन, तो माणूस जवळ हवा.

त्यानं वायर गुंडाळून दुसऱ्या खिशात घातली आणि लॅपटॉप वहिनींच्या खोलीत नेऊन ठेवला.

वहिनी तयार होऊन आल्या. इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले, कपाळावर घामाचे बारीक थेंब. खुर्चीत बसल्या, पडद्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे सकाळी वेगळं होतं ना हो? पंख्यासारखं?"

"लिनक्समध्ये असंच असतं."

"असं होय."

बस, एवढंच. त्यांनी पंचा मांडीवर घेतला, परत काढून ठेवला, आणि म्हणाल्या, "दार लावून घ्याल का भाऊजी? आईंच्या टीव्हीचा आवाज येतो." त्यानं दार लावलं. तो बोळात, दाराला लागून असलेल्या स्टुलावर बसला. हातात वर्तमानपत्र घेतलं. वर्तमानपत्र बरं असतं, माणूस त्यामागे काहीही असू शकतो.

आतून आवाज येऊ लागले. लॅपटॉपमधून कंपनीतल्या एक बाई, ठसठशीत बोलणाऱ्या. एक गृहस्थ, अधूनमधून खोकणारे. वहिनींचा आवाज मात्र त्याला क्षणभर ओळखूच आला नाही. घरात 'जेवायला या' म्हणणारा हा आवाज नव्हता. हा कुठून तरी लांबून, सरळ पाठीनं चालत आलेला आवाज होता. त्याला एकदम आठवलं — तो शाळेत असताना ताप आला म्हणून शिक्षकांनी वहिनींना हॉस्पिटलात फोन लावून दिला होता, आणि पलीकडून हाच आवाज आला होता, आधी अनोळख्याशी बोलावं तसा, आणि मग एका क्षणात मऊ पडून, "काय झालं रे राजा?" तेव्हा त्या त्याला अरेतुरे करत. अहोजाहो कधीपासून करू लागल्या? मी नोकरीला लागलो तेव्हा? की मी 'सोपं आहे' म्हणायला लागलो तेव्हा?

"तुमचा चेहरा जरा फिकट, चौकोनी चौकोनी दिसतोय," आतल्या बाई म्हणाल्या. "आणि आवाज तुटतोय. तुमच्याकडे नेट ठीक आहे ना? काम घरूनच करायचंय, म्हणून विचारते."

तो स्टुलावरून उठला, दाराला टेकला. त्या बाईंचा हुंकारही तुटत येत होता, म्हणजे तिकडे "मी... लात... वर्षं..." असंच काहीतरी पोचत असणार; वहिनी बोलत होत्या, हॉस्पिटलातल्या वर्षांबद्दल, त्यांच्या आयुष्यातल्या त्या एका सांगण्यासारख्या गोष्टीबद्दल, आणि ती गोष्ट त्याच्या खिशातून तुकड्या-तुकड्यांनी निघत होती. त्यानं फोन बाहेर काढला. दाराजवळ धरला. मग आठवलं, लॅपटॉप टेबलावर, आणि टेबल बुटकं. तो उकिडवा बसला, एक गुडघा जमिनीला, फोन दाराच्या फळीला चिकटवून, तळहात वर दाबून, आणि त्या बाईंचा आवाज नीट झाला. अगदी स्वच्छ झाला. त्यानं श्वास सोडला तर हात हलला आणि आवाज पुन्हा चिरकला, म्हणून त्यानं श्वासही जपून घ्यायला सुरुवात केली.

वायर खिशात होती. आत जाऊन लावता आली असती. आता? त्या दोघांच्या डोळ्यांदेखत, कॅमेऱ्यासमोर वाकून? नाही, ते कारण नव्हतं. खोटं कशाला बोलू, निदान स्वतःशी... आत गेलो असतो तर वहिनींना कळलं असतं.

"काय चाललंय तुझं?"

आई. काठीवर रेलून, बोळाच्या तोंडाशी, चष्मा नाकावर. टीव्ही कधी बंद झाला होता त्याला कळलंच नव्हतं.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"बोट काय दाखवतोस मला! भावजयीच्या दाराला कान लावून बसतोस? एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" आईचा आवाज कधी हळू नव्हता, आणि ऐकू कमी यायला लागल्यापासून तर तो दोन घरं ओलांडून जाई. "ती बिचारी तिथं परीक्षा देतेय आणि तू चोरून ऐकतोस? ऊठ आधी!"

उठता येत नव्हतं. उठलो की दोरी तुटणार. 'आई, मी ऐकत नाहीये, मी इंटरनेट धरून बसलोय' — हे वाक्य त्याच्या मनात आलं आणि त्याही अवस्थेत त्याला हसू फुटायच्या बेतात आलं. पण ते बोललं तर दाराआड पोचलंच असतं. तो गुडघ्यावर तसाच राहिला, मान खाली घालून, आणि पुटपुटला, "चुकलो. जा तू."

आणि मग त्याला ते दिसलं. आईच्या तोंडचं 'शी!' ऐकत असताना, तिची काठी टकटकत लांब जात असताना, स्वच्छ दिसलं. त्याला बरं वाटत होतं. आईनं त्याला दाराला कान लावणारा, भावजयीवर पाळत ठेवणारा हलका माणूस ठरवलं होतं, आणि ते त्यानं झटकन पदरात घेतलं होतं, स्वस्तात सुटल्यासारखं. हलकट म्हणा. चालेल. लबाड म्हणा, निर्लज्ज म्हणा, सगळं चालेल — फक्त याला येत नाही असं म्हणू नका. एवढीच किंमत होती त्याची, आणि ती त्यानं स्वतःच्या आईशी बोळात बसून नक्की केली होती. त्याचे कान तापले. ऑफिसातले सगळे प्रिंटर, सगळ्या हरवलेल्या फाइली, खुर्ची ओढून घेताना समोरच्यांच्या चेहऱ्यावर येणारा तो भाव... तोच भाव आता आपल्या चेहऱ्यावर असणार, आणि बघायला समोर कुणी नाही, नुसती दाराची फळी.

आत आईचं सगळं ऐकू गेलं असणार. त्या बाईंनाही, खोकणाऱ्या गृहस्थांनाही.

"घरात काही गडबड आहे का?" आतल्या बाईंनी विचारलं. "आपण नंतर बोलू या का?"

"नाही नाही." वहिनींचा आवाज. तोच, सरळ पाठीचा. "सासूबाई आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलतात. खरं तर हे काम मला त्यामुळेच जमेल असं वाटतं." ते गृहस्थ हसले. मग वहिनी म्हणाल्या, "आणि नेटचं मघाशी विचारलंत ना तुम्ही. आज सकाळपासून त्रास देतंय. पण आता तुटायचं नाही. आमचे धाकटे दीर बाहेर दाराशीच बसलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं होईपर्यंत ते हलायचे नाहीत."

त्यांनी हे जरा मोठ्यानं म्हटलं. आईला ऐकू जावं म्हणून? त्या दोघांना पटावं म्हणून? की...

त्याचा तळहात फोनवर घामानं चिकटला होता. फोन गरम झाला होता. त्यांना माहीत होतं? केव्हापासून? कोपऱ्यातलं चिन्ह बघितलं तेव्हापासून, की तिसऱ्यांदा न विचारलेल्या पासवर्डापासून, की काल, भात कालवताना? आणि माहीत असूनही त्या साडी नेसून येऊन बसल्या, दार लावून घ्या म्हणाल्या, आपली इतक्या वर्षांनी आलेली एकुलती एक मुलाखत या असल्या माणसाच्या खिशावर टांगून बसल्या — का? मला उघडं पाडायचं नव्हतं म्हणून? मी तरी कधी कुणाला असं झाकलं होतं? की काहीच माहीत नव्हतं, आईचा आवाज निस्तरायला सुचलं ते बोलल्या, आणि मी बोळात बसून स्वतःलाच गोष्ट सांगतोय...

आत रेकॉर्डिंग लागलं. एक म्हातारा घोगऱ्या आवाजात तक्रार सांगत होता, यंत्र कानात घातलं की शिट्टी वाजते, मुलगा म्हणतो तुम्हाला घालताच येत नाही, म्हणून घालायचं सोडलं. त्याच्यामागून कळांचा आवाज सुरू झाला. भरभर, न अडखळता, पावसाळी पत्र्यासारखा नव्हे, कुणीतरी वाटाणे सोलत असावं तसा एकसारखा. गुडघ्याखालची फरशी टोचत होती. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्या मांडीपर्यंत चढल्या, मग पायच आपला राहिला नाही.

हे संपलं की दार उघडेल. दार उघडल्यावर तो असाच सापडेल, उठायला वेळच मिळायचा नाही, पाय उचलणार नाही. सकाळपासून ज्या क्षणाला तो घाबरत होता तो हाच, आणि आता नवल हे की तो क्षण टळू नये असं त्याला वाटू लागलं होतं. भीती गेली नव्हती. भीती तिथंच होती, कानाच्या पाळ्यांत. पण तिच्याशेजारी दुसरं काहीतरी येऊन टेकलं होतं, आणि त्याला नाव देता येत नव्हतं. वहिनींनी काही विचारायच्या आत आपणच बोलायचं. काय बोलायचं? त्यानं ओठ हलवून पाहिले, आवाज न करता, दाराच्या फळीला कपाळ टेकून. 'वहिनी, मला...' पुढचा शब्द ओठांवर येईना. कुणी ऐकत नसतानाही येईना. आत कळा वाजत होत्या. त्यानं फोन जरा घट्ट दाबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, 'वहिनी, मला नाही...'